बडोदा ते पुणे घरसामान: पॅकर्स-मूव्हर्सचं परीक्षण, माळ्यापासून बिल्टीपर्यंत

मुलगा हिंजवडीत रुळला, नातीचं बारसंही तिकडेच झालं, की एखाद्या दिवाळीत फराळाच्या ताटावर विषय निघतोच: बडोद्याचं घर आता ठेवायचं कशाला? दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, प्रतापनगर, मांजलपूर, मराठी वस्तीचा कुठलाही भाग घ्या. निर्णय व्हायला दोन वर्षं लागतात आणि सामान हलायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत जी सेवा विकत घ्यावी लागते तिचं हे परीक्षण आहे. एका कंपनीचं नाही. बडोद्यातून पुण्याकडे घर हलवून देण्याचा धंदा आज ज्या रीतीने चालतो, त्या रीतीचं.

निकाल आधीच देऊन टाकू. ओझं उचलण्यात ही माणसं वाकबगार आहेत, पाचपैकी साडेचार. पॅकिंगला साडेतीन, कारण माल भरपूर वापरतात पण वस्तू कुठली आहे ते बघत नाहीत. वेळेला तीन. नुकसान झालं तर भरपाई देण्याला एक, तोही उदार हाताने. आणि हे सगळे गुण ठरतात ते सर्व्हेच्या अर्ध्या तासात, ज्याचे पैसे बिलात कुठेच नसतात.

फोनवर ‘टू बीएचके आहे ना, समजलं’ म्हणून जो भाव सांगितला जातो, तो भाव नव्हे. घर बघायला माणूस यायला हवा किंवा निदान व्हिडिओ कॉलवर खोली-खोली दाखवायला हवी. तो आला की त्याच्या वहीपेक्षा त्याच्या नजरेकडे लक्ष द्या. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर बघून निघाला तर तो कच्चा. पक्का माणूस माळा उघडायला लावतो, पलंगाचे खण वर करतो, गॅलरीत डोकावतो, जिन्याखाली वाकून बघतो. जुन्या मराठी घरात माळ्यावर काय नसतं? गणपतीचं मखर, तांब्याचा बंब, लग्नातली पातेली, गव्हाची कोठी, कुणाचा तरी पाळणा. हे यादीत आलं नाही की सामान भरण्याच्या दिवशी दुपारी तीनला ‘साहेब, गाडी भरली’ ऐकू येतं आणि मग दुसऱ्या टेम्पोचा भाव ठरवताना घासाघीस करायची ताकद तुमच्यात उरलेली नसते.

हा हिशोब घरी मांडता येतो, त्याला तज्ज्ञ लागत नाही. १४ फुटी ट्रकची आतली जागा साधारण १४ × ६ × ६, म्हणजे पाचशे घनफूट. प्रत्यक्षात सामान वेडंवाकडं असल्याने त्यातली ८५ टक्केच कामी येते, म्हणजे सव्वाचारशे. आता टेप घेऊन बसा. साडेसहा फुटी लोखंडी कपाट एकतीस घनफूट, अशी दोन. फ्रिज बांधल्यावर पंचवीस. वॉशिंग मशीन बारा. सुटा केलेला डबल बेड तीस, दोन गाद्या मिळून तीस. तीन-एक-एकचा सोफा नव्वद. सोफा हा ट्रकचा सगळ्यात मोठा शत्रू, कारण त्याच्या पोटातली हवासुद्धा भाड्याने जाते. जेवणाचं टेबल-खुर्च्या पंचवीस, सुटा केलेला झोपाळा वीस, घरघंटी आठ, आणि चाळीसेक खोकी मिळून शंभर. बेरीज चारशे दोन. बसलं. पण ‘स्कूटरही टाका’ म्हटलं की पन्नासच्या वर वाढले आणि चौदा फुटी संपली. आता सतरा फुटी लागेल. भावात जो मोठा फरक दिसतो तो बहुधा या एका स्कूटरमुळे. स्कूटर रेल्वेच्या पार्सलने पाठवली, तर चौदा फुटीत भागतं. पार्सल ऑफिसला आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी लागते आणि गोणपाटाचं बांधणं लागतं. ते बांधून देणारे स्टेशनबाहेरच असतात.

पार्ट लोडचा पर्याय हमखास पुढे केला जातो: तुमचं अर्धं, दुसऱ्या कुणाचं अर्धं. स्वस्त पडतो हे खरं. पण पार्ट लोडचं सामान वाटेत गोदामात उतरू शकतं, भिवंडीसारख्या ठिकाणी, आणि दुसऱ्या गाडीत चढतं. चढ-उतार दोनदाच्या जागी चारदा. तुटतं ते रस्त्यावर नाही, या चढ-उतारात. पुस्तकं, भांडी, कपडे असतील तर पार्ट लोड चालेल. काचेचं शोकेस, तंबोरा, जुना झोपाळा असेल तर पूर्ण गाडी घ्या आणि ‘वाटेत गाडी बदलणार नाही’ हे वाक्य कोटेशनवर लिहून मागा. जो लिहून देत नाही, तो बदलणार.

पोळांतल्या, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांतल्या, घरांचं गणित वेगळं. मांडवीच्या आजूबाजूला किंवा वाडीत ट्रक दारापर्यंत येत नाही. कंपनी मग छोटा हाथी (लहान टेम्पो) लावते: घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीन-चार फेऱ्या. या फेऱ्यांचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जिन्याचा. जुन्या लाकडी जिन्यावरून कपाट वळत नाही. पूर्वी ज्यांनी वर नेलं त्यांनी ते गॅलरीतून दोरांनी ओढून नेलेलं असतं आणि उतरेलही तसंच. या कामात बडोद्याचे हमाल खरोखर तरबेज आहेत. दोर कपाटाच्या पायांना न बांधता पोटाला दोन ठिकाणी बांधतात, खाली गादी टाकतात, एक जण फक्त भिंतीपासून अंतर राखायला उभा असतो. साडेचार गुण याच कामाचे. तुमच्याकडून एवढंच हवं: कपाट पूर्ण रिकामं, आतल्या फळ्या काढलेल्या, आरसा उतरवलेला, दार कुलूपबंद आणि किल्ली तुमच्या खिशात. किल्ली कपाटालाच टेपने चिकटवण्याची पद्धत आहे; ती कपाटाआधी हरवते.

आता पॅकिंग. कंपनीची तीन शस्त्रं: खोकी, बबल रॅप आणि स्ट्रेच फिल्म. ही सगळ्यावर सारखीच चालवतात, तिथे घोटाळा होतो.

बडोद्याजवळच्या संखेडा गावचं फर्निचर घ्या. बडोद्याच्या मराठी घरातही तो लाखेचा, सोनेरी नक्षीचा झोपाळा असतोच. सागाच्या कातलेल्या दांड्यांवर लाखेचा हात, त्यावर नक्षी. मे महिन्यात बंद कंटेनरच्या आत जी उष्णता होते, तिच्यात लाख मऊ पडते आणि थेट गुंडाळलेल्या बबल रॅपचे फुगे तिच्यावर कायमचे उमटतात. वर्तमानपत्र गुंडाळलं तर शाई लागते. म्हणून आधी जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा थर, मग कोरुगेटेड पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर. हे माणसांना सांगावं लागतं, ती आपणहून करत नाहीत. दांड्यांचे जोड स्क्रूचे असतात; सुटे करताना प्रत्येक जोडावर कागदी टेपने अंक घाला, डावीकडची आणि उजवीकडची दांडी सारखी दिसते पण भोकं जुळत नाहीत. पितळी कड्या वेगळ्या पोत्यात. त्या लाकडासोबत ठेवल्या तर प्रवासभर लाकडावर नाचतात. आणि मुख्य म्हणजे, पुण्याच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये हूक आहेत का ते निघण्याआधी विचारा. जुन्या घरात तुळईत कडी असते. नव्या इमारतीत नुसता स्लॅब, अनेकदा त्याखाली फॉल्स सीलिंग, आणि सोसायटीचा स्लॅबला भोक पाडायला नकार. तसं असेल तर स्टँडवरचा झोपाळा करावा लागेल किंवा हा इथेच कुणाला द्यावा लागेल. पुण्याला पोचवून बेडरूमच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या दांड्या काही कामाच्या नाहीत.

घरघंटी हे दुसरं बडोदेकरी प्रकरण. महाराष्ट्रातल्या कंपनीची माणसं हिला छोटा फ्रिज समजून आडवी करतात. आडवी करायची नाही: आतली मोटर एका बाजूला वजनदार असते आणि कप्प्यात उरलेलं पीठ मोटरीकडे जातं. आदल्या दिवशी एक मूठ तांदूळ दळून ते फेकून द्या, मग जाळी काढा, पिठाचा डबा आणि कापडी फिल्टर झटकून वेगळे ठेवा, दळण्याच्या कप्प्याचं झाकण घट्ट करा, दारावर टेप लावा, चाकांचे लॉक दाबा. जाळ्यांची पिशवी स्वतःजवळ ठेवा; गव्हाची जाळी हरवली तर पुण्यात त्याच मेकची जाळी शोधत फिरावं लागतं. नव्या घरात हिला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो, तो कुठे आहे तेही बघून घ्या.

फ्रिज निदान चोवीस तास आधी बंद करा, पाणी पूर्ण निघू द्या, मागच्या ट्रेमधलंही. गाडीत उभाच न्यायचा. पोचल्यावर लगेच चालू करू नका, चार तास उभा राहू द्या. वाटेत आडवा झाला असेल तर रात्रभर. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली बसायला वेळ लागतो. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात. मशीन घेतलं तेव्हा मेकॅनिकने काढून पिशवीत दिले होते, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. बोल्ट नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून मागवा. बोल्टाविना गेलेला ड्रम स्प्रिंगा तोडून येतो, आणि विम्यात हा ‘अंतर्गत बिघाड’ धरून हात वर केले जातात. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद करून घेणारा मेकॅनिक हवा. नुसत्या नळ्या कापणारा आला तर पुण्यात गॅस भरण्याचा खर्च नव्याने. पॅकर्सकडून ‘एसी काढणे’ पॅकेजमध्ये घेऊ नका, आपला नेहमीचा माणूस बोलवा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, टोकांना रबरी टोप्या किंवा जाड टेप, आणि बरेच जण ती न्यायला नकार देतात. विचारून ठेवा. न नेणं रास्तही आहे, आत तेजाब असतं.

स्वयंपाकघराच्या पॅकिंगमध्ये कंपनीची माणसं स्टीलला जपतात आणि चिनी मातीला मारतात. लोणच्याची बरणी भरलेली असेल तर ती नेणारच नाहीत आणि ते बरोबर आहे. तेल झिरपलं की खालची चार खोकी गेली. बरण्या रिकाम्या करा, आत कागदाचा बोळा, झाकण वेगळं. काचेच्या बश्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या की वरच्यांचं सगळं वजन खालचीवर येतं. पाटा-वरवंटा, खलबत्ता यांना खोकंच नको, गोणपाटात बांधून गाडीच्या तळाला. पुस्तकांसाठी छोटी खोकी मागा. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की वजन तीस किलोच्या वर जातं, तळ फाटतो, आणि फाटला नाही तरी हमाल ते ठेवत नाही, सोडतो. पंधरा किलोच्या आसपास थांबा, वर कपडे भरा.

छंदाच्या वस्तूंसाठी या धंद्याकडे वेगळी पद्धतच नाही. बडोद्यात १८८६ पासून संगीताचं शिक्षण आहे, घराघरात पेटी-तबला आहे, तरी पॅकर तंबोरा बघून ‘ये लंबावाला क्या है’ विचारतो. तंबोऱ्याच्या तारा अर्ध्याने सैल करा. पूर्ण सैल नको, नाहीतर घोडी (तारांखालची पट्टी) सरकते. घोडीखाली आणि वर मऊ कापड बांधा. भोपळा हा भोपळाच आहे, लाकूड नव्हे. अंगठ्याच्या दाबाने तडकतो. तंबोरा गाडीत देऊच नये, रेल्वेने माणसाबरोबर जावा. पेटीचा भाता बंद करून कडी लावा, पुढच्या स्वरांच्या खुंट्या आत दाबा, आणि पेटी जशी वाजवतो तशीच बसती ठेवा. तबल्याला प्रवासापेक्षा हवेचा त्रास जास्त; पावसाळ्यात चामडं सैल पडतं, पोचल्यावर दोन दिवस थांबून मगच हातोडी लावा. शिवणयंत्राचं डोकं आत पाडून पट्टा उतरवून ठेवा. कुंड्या बहुतेक कंपन्या नेत नाहीत, नेल्या तरी बंद गाडीत दीड दिवसात झाडं वाळतात. तुळशीच्या मंजिऱ्या पुडीत बांधून घ्या, पुण्यात रोप उगवेल.

देव, गौरींचे मुखवटे, दागिने, दस्तऐवज, गुणपत्रिका, कुंडल्या यांना खोक्यात जागा नाही, ते हातातल्या पिशवीत. मुखवट्यांना कापूस, त्यावर मलमलचा कपडा. बबल रॅपमध्ये रंग चिकटतो. लग्नाच्या जुन्या अल्बमांतले फोटो डिंकाने चिकटवलेले असतात. ते आडवे, वर काही न ठेवता. आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा असतील, तर त्यावर शिंप्याची जुनी टेप लावून प्रत्येक खुण पक्क्या शाईने उतरवून घ्या: खुण, नाव, तारीख. पाच मिनिटांचं काम आहे. रंगारी आला की चौकट पांढरी होते, मग ते जमत नाही.

कागदपत्रांकडे वळू, कारण खरी फसवणूक खोक्यात नाही, कागदात होते. गाडी निघण्याआधी हातात बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, हवी. तिच्यावर गाडीचा नंबर, नगांची संख्या आणि कंपनीचं नाव, आणि तो नंबर प्रत्यक्ष उभ्या गाडीच्या पाटीशी जुळायला हवा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २४ गुजरात, २७ महाराष्ट्र. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कायदेशीर नाव दिसतं. ते बोर्डावरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. या धंद्यात मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले पुष्कळ आहेत. अगदी कमी भाव सांगायचा, सामान गाडीत चढवायचं आणि मग वाटेत ‘वजन जास्त निघालं’ म्हणून गाडी उभी करायची, ही जुनी चाल आहे. ‘बिल नको, टॅक्स वाचेल’ हे आमिष त्याच दुकानातलं. बिल नाही म्हणजे तक्रारही नाही. कोटेशनमध्ये ‘ई-वे बिल’ (माल नेताना लागणारा ऑनलाइन जीएसटी कागद) याचा चार्ज दिसला तर खोडायला सांगा, वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही. ‘जकात’ लिहिलेली दिसली तर नुसतं हसा. गुजरातेतली जकात २००७ मध्येच गेली.

विमा हा सगळ्यात पोकळ भाग. सामानाच्या किमतीवर टक्केवारी लावून बिलात ‘इन्शुरन्स’ लिहितात, पण विमा कंपनीचं प्रमाणपत्र देत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर तो विमा नव्हे, पॅकरचा शब्द. प्रमाणपत्र आलं तर त्यावर इन्लँड ट्रान्झिटचा (देशांतर्गत मालवाहतुकीच्या विम्याचा) कुठला क्लॉज आहे ते वाचा. ए म्हणजे बहुतेक सगळं, बी म्हणजे आग, वीज, गाडी उलटणं, धडक वगैरे. कपबश्या फुटल्या, टीव्ही तडकला, हे बीमध्ये येत नाही. आणि घरात तुटतं ते कपबश्या आणि टीव्हीच. विमा नसला तरी रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदारावर जबाबदारी आहेच. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर तिची मर्यादा भाड्याच्या दहापट, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत पोचवावी लागते. वाद घालण्याआधी ही नोटीस पाठवा. पैसे देताना थोडा अॅडव्हान्स, गाडी भरल्यावर मोठा हप्ता, आणि किमान चौथा भाग पुण्यात उतरल्यावर. सगळं आधी मागणाऱ्याला नकार. शेवटचा चौथा हिस्सा हाच तुमचा खरा विमा.

तारीख निवडताना दोन्ही पंचांगं बघा, आपलं आणि गुजरातचं. मे महिन्यात शाळा बदलणाऱ्यांची गर्दी, महिनाअखेरीला भाडेकरूंची. भाव तेव्हा चढे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजराती घरं कमुरता पाळतात, शुभकार्य नाही, घर बदलणं नाही. आपल्याला अडचण नसेल तर तेव्हा गाड्या रिकाम्या असतात आणि भाव मोडता येतो. मात्र १४-१५ जानेवारीला कुणी फोन उचलणार नाही, सगळे गच्चीवर. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत धंदा बंद. होळीच्या आगेमागे तर बुकिंग करूच नका: हमालीतली बरीच माणसं दाहोद-पंचमहालकडची, ती होळीला गावी जातात आणि परत यायला आठवडा लावतात. तेव्हा जी टोळी येते ती नवखी असते, आणि गॅलरीतून कपाट उतरवायला नवखा हात नको. पावसाळ्यात ताडपत्रीची उघडी गाडी नको, बंद कंटेनर घ्या. आणि घर तळमजल्यावर असेल तर भरलेली खोकी आदल्या रात्री जमिनीवर ठेवू नका. विश्वामित्रीचं पाणी कुठवर येतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याने पाहिलं आहे.

वेळेबद्दल. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. भरूच, सुरत, वापी, तलासरी, मनोर असा रस्ता, मग ठाण्याची कोंडी, मग घाट. ‘उद्या सकाळी पोचतो’ वर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी भरलेली गाडी परवा सकाळी लागेल असं धरून चाला. ठाण्यात आणि पुण्यात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे ड्रायव्हर दुपारभर हायवेवर थांबला तर तो कामचुकार आहे असं नाही. पुण्याच्या सोसायटीत उतरवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, कुठे रविवारी मनाई, कुठे लिफ्टसाठी डिपॉझिट, कुठे गेटातून १७ फुटी वळत नाही. हे आधी विचारून पॅकरला लेखी कळवलं नाही, तर ‘लिफ्ट नाही, मजल्यामागे जादा’ हे नवं कलम दारात उभं राहतं.

बडोद्याचं घर बंद करताना गॅसचं एक काम माणसं विसरतात. सिलिंडर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, डिपॉझिट परत मिळतं, ते दाखवून पुण्यात नवीन जोडणी. शेगडी आपली आपल्याबरोबर. पण बडोद्यात पाइपचा गॅस असेल तर त्या शेगडीचे जेट पाइपच्या गॅसचे आहेत. त्यांची भोकं मोठी असतात, कारण पाइपमधला दाब कमी. तीच शेगडी पुण्यात सिलिंडरला जोडली की ज्योत हातभर उठते. जेट बदलल्याशिवाय पहिला चहासुद्धा करू नका.

जीजे-०६ ची, म्हणजे बडोद्याच्या नंबरची, गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपर्यंत तशीच चालते. त्यापुढे राहायचं असेल तर बडोदा आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, मग पुण्यात कर भरून नवा नंबर, आणि गुजरातला भरलेल्या रस्ताकराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. ना-हरकत बडोद्यात असतानाच काढा. नंतर त्या एका सहीसाठी फेरी पडते. गाडी ट्रकात चढवण्याआधी किलोमीटरच्या काट्याचा फोटो घ्या. गोदामातून गोदामात जाताना तिच्यावर कुणी फिरून आलं तर तेवढाच पुरावा.

सामान उतरताना एक माणूस दारात यादी घेऊन उभा हवा, दुसरा आत खोल्या दाखवायला. खोक्यांवर ‘स्वयंपाकघर’ लिहू नका, नंबर लिहा आणि मजकूर आपल्या वहीत. ‘चांदीची भांडी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं खोकं वाटेत सगळेच वाचतात. शेवटी सहीसाठी कागद पुढे येतो, त्यावर ‘सर्व सामान चांगल्या स्थितीत मिळालं’ आधीच छापलेलं असतं. सही करा, पण वर पेनने लिहा: ‘नग मोजून घेतले, खोकी उघडलेली नाहीत.’ पॅकरचा मुकादम कुरकुर करेल, फोन लावेल, मग मान्य करेल. बक्षिसी हमालांच्या हातात वेगळी द्या, मुकादमाकडे दिली तर ती मुकादमाचीच होते. रिकामी खोकी ते परत मागतील. चार-पाच चांगली ठेवून घ्या, मखर त्यात बसतं.